पाऊस कुठे दाखवायचा?

स्थापत्य अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असलेला जिओटेक हा विषय उन्हाळ्याच्या सत्रातच शिकवावा, असं माझं मत बरीच वर्षं होतं. विभागाच्या बैठकीत मी ते हिरिरीनं मांडायचो. जानेवारी ते एप्रिल जमीन कोरडी असते. खणलेला खड्डा उभा राहतो, मुलं चिखलात अडकत नाहीत. आणलेली माती उन्हात वाळते, ढेकळं फुटतात आणि 425 मायक्रॉनच्या चाळणीतून ती बिनतक्रार खाली येते. प्रयोगशाळेचं वेळापत्रक बिघडत नाही. विषयाचा क्रमही माझ्या मनात पक्का होता. आधी मातीचे कण, मग वर्गीकरण, मग दबाई, पारगम्यता, कातरबल, भिंतीवरचा मातीचा दाब, पायाची धारणक्षमता, आणि सगळ्यात शेवटी उतारांची स्थिरता. जवळजवळ सगळ्या पाठ्यपुस्तकांचा क्रम थोड्याफार फरकानं असाच असतो.

आता मी नेमकं उलटं म्हणतो. हा विषय पावसाळ्यात शिकवावा आणि पहिल्याच आठवड्यात पाण्यापासून सुरू करावा. हे मत बदलायला वेळ लागला. बरेच सहकारी अजूनही जुन्या मताचे आहेत. त्यांना माझी बाजू एकदा सविस्तर सांगावी म्हणून हे लिहितो आहे.

मी मूळचा पिंपरी पेंढारचा. कल्याणहून माळशेज घाट चढून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या महामार्गावर ओतूर मागे पडलं की आळेफाट्याच्या अलीकडे आमचं गाव लागतं. हा रस्ता जिओटेकच्या शिक्षकासाठी फार मोलाचा आहे. घाटमाथ्यावर पाऊस कोसळतो. तिथं तीव्र उतारांवर बेसॉल्टच्या कातळावर मुरमाचा आणि तांबूस मातीचा पातळ थर असतो. तिथून गाडीनं तासाभराचं अंतर पूर्वेला आलं की पाऊस झपाट्यानं कमी होतो, उतार सपाट होतात आणि काळी माती सुरू होते. पश्चिमेला पाणी जास्त झालं म्हणून जमीन घसरते, तर पूर्वेला पाणी येतं आणि जातं म्हणून जमीन फुगते आणि आक्रसते. जुन्नर या एकाच तालुक्यात हे दोन्ही पाहायला मिळतं. एवढी संपन्न प्रयोगशाळा शेजारी असताना आम्ही मुलांना तिथं न्यायचो ते मार्चमध्ये, ती बंद असताना.

पूर्वेकडची काळी माती आधी घेतो, कारण माझ्या मताला पहिला धक्का तिथंच बसला.

आमच्याकडची जुनी गावठाणं पांढरीवर वसलेली आहेत. काळीत पिकं घ्यायची आणि राहायचं पांढरीवर, अशी जुनी वहिवाट. गेल्या पिढीत लोक मळ्यात राहायला गेले. पाणी आलं, कांदा-टोमॅटोनं पैसा दिला, बिबट्याची भीती असूनही वस्त्या वाढल्या आणि काळ्या रानात एकमजली बंगले उभे राहिले. मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरक्या भेगा दिसू लागल्या, ओट्याची फरशी फुगली, दारं चौकटीत बसेनाशी झाली. काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट जातीचं चिकणखनिज भरपूर असतं. त्याच्या थरांमध्ये पाणी शिरलं की ते फुगतं, पाणी गेलं की आक्रसतं. जड इमारत स्वतःच्या वजनानं ही फुगवण पुष्कळशी दाबून धरते. एकमजली घर हलकं असतं, माती त्याला उचलते. म्हणजे या मातीचा त्रास मोठ्या इमारतींपेक्षा शेतकऱ्याच्या घराला, कुंपणाच्या भिंतीला, कालव्याच्या अस्तराला जास्त होतो.

चुलत्यांनी मळ्यात घर बांधायला काढलं तेव्हा मी एप्रिलमध्ये नमुना नेला आणि चाचण्या करून आणल्या. द्रवमर्यादा, सुघट्यतामर्यादा, मुक्त फुगवण, सगळं केलं. मुक्त फुगवणीची चाचणी अगदी सोपी आहे. दहा-दहा ग्रॅम वाळलेली माती दोन मोजनळ्यांत घ्यायची, एकीत पाणी आणि दुसरीत रॉकेल ओतायचं आणि 24 तासांनी दोन्हींतल्या मातीची उंची पाहायची. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, त्यामुळे फरक डोळ्यांना दिसतो. भारतीय मानकाप्रमाणे माती ‘सीएच’ गटात बसली, म्हणजे जास्त सुघट्यतेची चिकणमाती. मी अहवाल वाचून दाखवला. चुलत्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “माती कुठल्या महिन्यात नेली व्हती?”

“एप्रिलमध्ये, नाना.”

“मग पोळ्याला परत ने एकदा.”

पोळ्याच्या सुमारास मी त्याच जागी पुन्हा खड्डा घेतला. एप्रिलमध्ये कुदळीला दाद न देणारी माती आता अंगठ्यानं दाबली की दबत होती. हात शिरेल अशा भेगा कुठे होत्या ते शोधूनही सापडत नव्हतं. प्रयोगशाळेत नेली तर द्रवमर्यादा तीच, गट तोच, ‘सीएच’. तसंच व्हायला हवं होतं, कारण त्या चाचणीत आपण माती वाळवतो, चाळतो आणि पाणी स्वतःच्या हातानं घालतो. माती कोणत्या जातीची आहे ते ती चाचणी सांगते. आज ती कोणत्या अवस्थेत आहे हे सांगणं तिच्या कक्षेतच नाही. घराला भेगा पडतात त्या अवस्था बदलल्यामुळे. जात तर एप्रिलमध्येही तीच असते आणि भाद्रपदातही तीच. आमच्या अभ्यासक्रमात जातीला अनेक तास होते. ऋतूनुसार बदलणाऱ्या अवस्थेला एकही स्वतंत्र तास नव्हता.

याचा अर्थ या विषयातल्या आपल्या लोकांनी ऋतूचा विचार केला नाही, असं मुळीच नाही. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं काळ्या मातीसाठी अंडर-रीम्ड पाइल विकसित केले, ते ऋतूचाच विचार करून. वरच्या थरातला ओलावा दर वर्षी बदलतो, खोलवरचा फारसा बदलत नाही. म्हणून खोल काळ्या मातीत पाइल किमान साडेतीन मीटर न्यायचा, खाली त्याला फुगीर घेर द्यायचा आणि घर त्या स्थिर थराला धरून ठेवायचं. आयआयटी मुंबईतले प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी दाखवलं की फुगणाऱ्या मातीवर सुमारे मीटरभर जाडीचा, चिकट पण न फुगणाऱ्या मातीचा थर दिला तर फुगवणीचा उपद्रव आटोक्यात येतो. कालव्यांच्या अस्तरांसाठी ही पद्धत मानकांत आली. कट्टी सरांचं काम म्हणजे आपल्या मातीचा प्रश्न आपल्या मातीत बसून सोडवल्याचं उत्तम उदाहरण आहे. पदवीच्या मुलांना ते चार ओळींत सांगून पुढे जाणं मला आता सहन होत नाही. नानांच्या घराला आम्ही काळी माती काढून मुरूम दाबून भरला आणि घराभोवती फरसबंदी केली, पागोळ्यांचं पाणी लांब सोडलं. पाया खोदण्याइतकंच महत्त्वाचं काम त्या पाण्याच्या वाटेचं होतं.

पश्चिमेकडची गोष्ट याहून गंभीर आहे.

उतारांची स्थिरता हे शेवटचं प्रकरण. एप्रिलच्या अखेरीस, प्रॅक्टिकलच्या वह्या तपासण्याच्या गडबडीत ते उरकलं जायचं. फळ्यावर मी एक उतार काढायचो, त्यावर स्वीडिश पद्धतीचं घसरवर्तुळ काढायचो, वर्तुळाचे उभे काप करायचो आणि सुरक्षा गुणांक काढून दाखवायचो. एका वर्षी आंबेगावच्या पश्चिम भागातली, डिंभे धरणाच्या पाणलोटाकडची एक विद्यार्थिनी वर्गात होती. आकृती पूर्ण झाल्यावर तिनं विचारलं, “सर, यात पाऊस कुठे दाखवायचा?”

तिच्या गावापासून माळीण लांब नाही. 30 जुलै 2014 च्या सकाळी माळीणकडे गेलेल्या एसटीच्या चालकाला नेहमीच्या जागी गाव दिसलं नाही. त्यानं कळवलं तेव्हा बाहेरच्या जगाला समजलं. 151 माणसं गेली. डोंगराची वरची माती, मुरूम, झाडं, दगड पाण्यासकट वाहत खाली आले होते. तीव्र उतारावरच्या झिजलेल्या खडकाच्या आणि मातीच्या आवरणात सततचा पाऊस मुरला होता. उतारावर शेतीसाठी केलेल्या सपाटीकरणाचा वाटा किती, यावरही पुढे पुष्कळ चर्चा झाली. माझ्या फळ्यावरचं वर्तुळ एकजिनसी, जाड चिकणमातीच्या उतारासाठी होतं. सह्याद्रीत कातळावर पातळ थर असतो आणि घसरण बहुधा त्या थराच्या तळाशी, उताराला समांतर होते. या प्रकारासाठी पाठ्यपुस्तकात ‘अनंत उतार’ नावाचं छोटं उपप्रकरण आहे. ते मी दहा मिनिटांत संपवत असे.

त्या दहा मिनिटांत काय असतं ते इथं लिहितो, कारण माझ्या मते आपल्या भागासाठी सगळ्या अभ्यासक्रमात याहून महत्त्वाचं काही नाही. समजा, सुट्या मुरमाचा घर्षणकोन 35 अंश आहे. कोरडा असताना तो जवळजवळ 35 अंशांच्या उतारापर्यंत तग धरतो. आता थर पूर्ण भिजला आणि पाणी पृष्ठभागापासूनच उताराला समांतर वाहू लागलं. भिजलेल्या मातीचं वजन घनमीटरला साधारण 20 किलोन्यूटन, पाण्याचं 10. घर्षण मिळतं ते कण एकमेकांवर जेवढे दाबले जातात तेवढंच, आणि पाण्यानं त्यातला निम्मा दाब उचलून धरलेला असतो. खाली ओढणारं वजन मात्र सगळंच्या सगळं राहतं. सुरक्षा गुणांक निम्मा होतो. हिशेब केला तर तोच मुरूम आता साधारण 19 अंशांच्या उतारावरच टिकेल. 35 चे 19 अंश. डोंगर तोच, कण तेच, घर्षणकोनही तोच.

त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच होतं, की पाऊस आकृतीत छिद्रजलदाब म्हणून दाखवायचा. ते मी दिलंही. पण हे उत्तर सत्राच्या शेवटच्या आठवड्यात, कोणीतरी विचारलं म्हणून का द्यावं लागलं, हे मनातून जाईना. त्यानंतर मी महाराष्ट्रातल्या मातीच्या मोठ्या दुर्घटनांच्या तारखा एका कागदावर लिहिल्या. पानशेतचं मातीचं धरण फुटलं 12 जुलै 1961 ला. माळीण, 30 जुलै 2014. चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण, 2 जुलै 2019. महाडजवळचं तळिये, 22 जुलै 2021. खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी, 19 जुलै 2023. सगळ्या जुलैतल्या. आमच्या वेळापत्रकात जुलै महिन्यात जिओटेक नव्हताच.

माळीणचं पुनर्वसन आमडे इथं झालं आणि 2 एप्रिल 2017 ला नव्या घरांचं लोकार्पण झालं. त्याच वर्षीच्या पहिल्या मोठ्या पावसात नव्या वसाहतीतले रस्ते खचल्याच्या, भराव वाहून गेल्याच्या बातम्या आल्या. उतार कापून आणि भराव टाकून केलेली जमीन एप्रिलमध्ये पक्की दिसते. पाणी मुरायला लागलं की तिची खरी परीक्षा सुरू होते. ज्यांनी एकदा सगळं गमावलं त्यांना पुन्हा रात्री जागून पावसाचा आवाज ऐकावा लागला, हे वाचून मला फार वाईट वाटलं होतं. त्या कामावरचे तरुण अभियंते आमच्यासारख्याच वर्गांतून, बहुधा आमच्यासारख्याच कोरड्या सत्रातून बाहेर पडलेले असणार.

मग मी टर्झागी पुन्हा वाचायला घेतला. कार्ल टर्झागी हा या विज्ञानाचा जनक मानला जातो. इस्तंबूलच्या रॉबर्ट कॉलेजमध्ये शिकवत असताना, अपुऱ्या साधनांनिशी, त्यानं चिकणमाती दाबून तिच्यातून पाणी किती सावकाश बाहेर पडतं याचे प्रयोग केले. 1925 साली व्हिएन्नात त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि मृदा यामिकी हे स्वतंत्र शास्त्र झालं. त्या शास्त्राचा गाभा एका वजाबाकीत आहे: एकूण दाबातून पाण्याचा दाब वजा करा, उरतो तो कणांनी पेललेला परिणामी दाब, आणि मातीचं बळ त्यावर ठरतं. म्हणजे विषयाचा पाया पाण्यावर घातलेला होता. आम्ही मात्र कणांची मापं, चाळण्या आणि गट यांत निम्मं सत्र घालवून मग त्या वजाबाकीकडे यायचो. मुलांना तोवर वाटू लागलेलं असायचं की हा मातीची यादी करण्याचा विषय आहे.

टर्झागीची ती वजाबाकी पूर्ण भिजलेल्या मातीसाठी आहे, हेही सांगायला हवं. आपली जमीन वर्षातले बरेच महिने अर्धवट ओली असते. कणांमधल्या थोड्या पाण्याचा ताण तेव्हा कणांना एकमेकांकडे ओढून धरतो. समुद्रकाठी ओल्या वाळूचा किल्ला उभा राहतो तो याच ओढीमुळे. मार्चमध्ये रस्त्यासाठी किंवा पायासाठी मुरमात उभा काप घेतला तर तो सरळ उभा राहतो, कंत्राटदाराला वाटतं माती भक्कम आहे, आणि जूनमध्ये दोन दिवसांच्या पावसात तोच काप खाली काम करणाऱ्या मजुरांवर येतो. जे उसनं बळ होतं ते पाण्यानं परत नेलेलं असतं. पदवीच्या अभ्यासक्रमात या ओढीला जागा नव्हती, पदव्युत्तरला शिकतील असं आम्ही म्हणायचो. पण त्या खड्ड्याच्या काठावर उभा राहणारा साइट इंजिनिअर पदवीधरच असतो. त्याला सूत्र नाही आलं तरी चालेल, कोरड्या कापावर विश्वास ठेवू नये एवढं तरी त्यानं वर्गातून घेऊन जायला हवं.

आमचं महाविद्यालय स्वायत्त असल्यामुळे सत्र बदलणं शक्य झालं. विरोधही झाला आणि त्यात तथ्य होतं. पावसात पन्नास मुलांना घाटात नेणं धोक्याचं आहे. म्हणून तीव्र उतारांवर आम्ही जात नाही. हवामान खात्याचा इशारा असेल तर सहल रद्द, त्यावर चर्चा नाही. खड्डे घेतो ते पूर्वेकडच्या सपाट रानांत, कंबरेपेक्षा खोल नाही. मुलं सत्राच्या सुरुवातीला आपापल्या गावात एक जागा निवडतात आणि दर पंधरवड्याला दोन-तीन खोलींवरचा ओलावा मोजून नोंदवतात. ज्यांच्याकडे शेत नाही ती शेजाऱ्याच्या परसात करतात. धरणाची सहल मार्चमधून ऑगस्ट अखेरीस नेली. मार्चमध्ये मातीच्या धरणाच्या पायथ्याशी वाळलेलं गवत दिसतं. ऑगस्टमध्ये जलाशय भरलेला असतो, धरणातून झिरपलेलं पाणी गटारात येतं आणि व्ही-नॉचवर मोजलं जातं. झिरपणारं पाणी नितळ असेल आणि त्याचं प्रमाण नेहमीइतकं असेल तर ठीक. ते अचानक वाढलं किंवा गढूळ झालं तर धरणाच्या पोटातली माती वाहून येते आहे, आणि तासातासाला महत्त्व येतं. हे मुलांनी पाण्यात हात घालून शिकावं असं मला वाटतं. पानशेतला पाणी सोडण्याच्या भुयारावरचा भराव खचत गेला तेव्हा सैनिकांनी रात्रभर वाळूची पोती रचली. त्यामुळे फुटणं सकाळपर्यंत लांबलं आणि असंख्य माणसं वाचली. ते काही तास किती मोलाचे असतात हे पुण्यात शिकणाऱ्या प्रत्येक स्थापत्य अभियंत्याला माहीत असलं पाहिजे.

एका बाबतीत मी जिथं होतो तिथंच आहे. गणित कमी करा, क्षेत्रभेटी वाढवा, असं काही तरुण सहकारी सुचवतात. ते मला मान्य नाही. 35 चे 19 अंश होतात हे डोंगर पाहून कळत नाही, हिशेबानंच कळतं. धारणक्षमतेची, संघननाची, कातरबलाची सगळी उदाहरणं मुलांनी सोडवलीच पाहिजेत. गेटच्या परीक्षेलाही ती लागतात. बदल एवढाच, की प्रत्येक उदाहरण आता दोनदा सोडवायचं, भूजलपातळी खोल असताना आणि ती जमिनीपर्यंत आलेली असताना. दुसऱ्या वेळी येणारं उत्तर पाहून मुलं पहिल्या उत्तराकडे परत जातात, आकडे तपासतात, आपण चुकलो का म्हणून विचारतात. त्या दहा मिनिटांत वर्गात जी चर्चा होते तिच्यासाठी मी सगळं सत्र हलवायला पुन्हा तयार आहे.

काही प्रश्न सुटलेले नाहीत. संघननाची चाचणी एका नमुन्याला आठवडाभर घेते आणि दमट हवेत नमुने सांभाळणं अवघड जातं. ओली काळी माती चाळायला तिप्पट वेळ लागतो, प्रयोगशाळेतल्या मदतनिसांचं काम वाढलं आहे आणि त्यांची तक्रार रास्त आहे. गणेशोत्सवाच्या सुट्टीत नोंदी तुटतात. उतारांचं प्रकरण आता जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात येतं. त्या दिवसांत जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातली मुलं सकाळी घरी फोन करून पाऊस विचारतात आणि तासाला येऊन सांगतात. तेवढ्या पावसात थरातलं पाणी कुठवर चढलं असेल याचा अंदाज आम्ही बांधतो, तीन वेगवेगळ्या पातळ्या धरून सुरक्षा गुणांक काढतो, आणि एकाखाली गेलेलं उत्तर ज्याचं येतं त्यानं घरी परत फोन करून उताराच्या माथ्यावर नव्या भेगा, पायथ्याशी नवे झरे किंवा तिरकी झालेली झाडं दिसतात का, हे विचारायचं, असा वर्गाचा नियम आहे.